धाकटीचा खंड्या

२ फेब्रुवारी

आज दोघींची फी भरून आले. शेजारणीने नाक मुरडलं. म्हणाली, "मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायला शिकणार? या वयात?" मी म्हटलं, जन्मभर वसतिगृहाची रेक्टर होते, जिवंत पोरींच्या डोक्यात काही भरायचा प्रयत्न केला, काही राहिलं नाही. पक्षी निदान उलट तरी बोलणार नाहीत. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

खरं कारण धाकटी, माझी पाठची बहीण. तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला बॅगेसकट माझ्या दारात आणून सोडलं, त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून खिडकीशी बसून असते. जेवतेस? हं. झोपतेस? हं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताला काम द्या. विणकाम दिलं, सुया तशाच पडल्या. रंग आणून दिले, ते वाळून गेले. पण परवा पेपरातल्या त्या जाहिरातीवर तिची नजर थांबलेली मी पाहिली. पक्षी भरणे व जतन करणे, दर रविवारी, प्रत्यक्ष हाताने. म्हटलं चल बाई, हेही करून बघू. हिला जमायचं नाहीच, पण मी शेजारी असेन.

८ फेब्रुवारी, रविवार

टायरच्या दुकानावरची खोली. लांब टेबल, त्यावर पत्रा ठोकलेला. प्रत्येकापुढे एक ट्रे, बारीक पात्याची सुरी, चिमटा, वाटीभर टाकणखाराची पांढरी पूड आणि एक मेलेला लावा पक्षी. आम्ही चौघंच. आम्ही दोघी, एक दातांचे डॉक्टर, आणि घरी केक करून विकणारी एक बाई. शिकवणाऱ्या बाई शिडशिडीत, आवाज फाटका, नखं मुळापर्यंत कापलेली. पूर्वी एका मोठ्या संग्रहालयात होत्या म्हणे. जीभ मात्र सुरीपेक्षा तिखट.

डॉक्टरांनी लाव्याला चिरा देताना सवयीने म्हटलं, "थोडं दुखेल हं." आणि धाकटी हसली. चक्क आवाज करून! वर्षभर मी हिला हसवायला काय काय केलं, आणि ही एका परक्या माणसाच्या फुटकळ विनोदाला हसते.

छातीच्या हाडापासून खाली चिरायचं, पण फक्त कातडी. ती ओल्या कागदाइतकी पातळ असते. सुरीने नाही, बोटाने सोडवत जायची, टाकणखार भुरभुरवत, आणि मग मोजा उलटा काढतात तशी डोक्यापर्यंत न्यायची. आतलं सगळं धड निघून येतं. माझी मानेशी फाटली. बाई म्हणाल्या, "रेक्टरबाई, हा पक्षी आहे, गंजलेलं कपाट नाही. उघडत नाही म्हणून ओढू नका."

धाकटीची कुठेही फाटली नाही. बाई तिच्या मागे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग विचारलं, "हे कुठे शिकलात?" ती म्हणाली, "कुठेच नाही." दोन शब्द! मी टेबलाच्या या टोकावरून सांगितलं, "हिला दूध तापवता येत नाही बाई, रोज उतू घालवते." डॉक्टर आणि केकवाली हसले. बाई हसल्या नाहीत. धाकटीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?

१५ फेब्रुवारी, रविवार

आज आत भरलं. लाकडाचा बारीक कीस दोऱ्याने गुंडाळून खोटं धड बनवायचं, पायांतून तार, मग पोट शिवायचं, डोळ्यांत काचेचे मणी. माझा लावा जरा भरगच्च झाला. बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हा जेवून उठलाय." परत हशा. मला काय, मी वसतिगृहात याहून वाईट ऐकलंय, तेही भिंतीवर खडूने लिहिलेलं.

धाकटीचा लावा बाईंनी उचलून सगळ्यांना दाखवला. कुणीतरी दार उघडलं म्हणून हा बघतोय, असं वाटत होतं. एक पाय किंचित उचललेला. केकवाली म्हणाली, "अगंबाई, आता पळेल हो!"

घरी आल्यावर धाकटीने तो खिडकीत ठेवला. मी तो उचलून कपाटात ठेवला. धूळ बसते उगीच.

२२ फेब्रुवारी, रविवार

कबुतर. माझं बरं झालं, बाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे बरंच म्हणायचं.

आज त्यांनी एक गोष्ट फार ठासून सांगितली. पक्षी मेला की लगेच फ्रीजरमध्ये. आणि एकदा वितळला की त्याच दिवशी काम करायचं, पुन्हा गोठवायचा नाही. नाहीतर आतून कुजतो, पोट हिरवं पडतं आणि पिसं मुळापासून सुटतात. वरून काही कळत नाही, गोठलेला असतो तोवर चांगलाच दिसतो. चिरला की कळतं. "मग देवसुद्धा काही करू शकत नाही," असं म्हणाल्या. मी वहीत उतरवून घेतलं. डॉक्टर नुसतेच मान डोलावत होते.

२६ फेब्रुवारी

धाकटी बोलायला लागली आहे. मीठ संपलं होतं, ते न सांगता घेऊन आली. काल दुसरी पोळी वाढली तर म्हणाली, "नको ताई, पोट भरलं." मी वाढलेलं तिने आजवर कधी परत केलं नव्हतं. कपाटातून तिचा पिवळा ड्रेस काढून घातला. मी म्हटलं, हा रंग तुला उठून दिसत नाही. म्हणाली, "मला आवडतो." आणि तोच घालून भाजीला गेली.

लावाही परत खिडकीत आला आहे.

मला आनंद व्हायला हवा ना? मीच नेलं तिला तिथे. माझ्याच पैशाने. पण आनंद झाला नाही. हे कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. ती बाहेर गेली की घर खायला उठतं. निवृत्त झाल्यावर ते पहिले काही महिने मी एकटीच होते, संध्याकाळी दार लावताना कुणाची हजेरी घ्यायची राहिली असं वाटायचं. मग धाकटी आली. देव असं कुणाचं न करो, पण ती आली आणि माझं घर भरलं.

१ मार्च, रविवार

आज बॉम्ब फुटला. बाई ज्या संग्रहालयात होत्या, तिथल्या जुन्या कपाटांतले पक्षी दुरुस्त करायला माणूस हवं आहे. कायमचं काम, राहायला खोली. ते शहर इथून रात्रभराच्या प्रवासावर. तिथले साहेब पंधरा तारखेला येणार, आम्हा चौघांचं काम बघणार आणि बाई ज्याचं नाव सांगतील त्याला नेणार.

त्या दिवसासाठी बाईंनी प्रत्येकाला एकेक पक्षी दिला, घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळायला. डॉक्टरांना कावळा. केकवालीला पोपट. मला कोंबडी. कोंबडी! "जाड कातडीची आहे, तुम्हाला झेपेल," म्हणाल्या. आणि धाकटीच्या हातात एक लहानशी पिशवी ठेवली. आत खंड्या. कुठल्यातरी इमारतीच्या काचेवर आपटून मेलेला, अंगावर ओरखडा नाही. तपकिरी डोकं, पांढरा गळा, आणि पाठ इतकी निळी की डॉक्टरसुद्धा वाकून बघायला लागले. बाई म्हणाल्या, "असा परत मिळणार नाही. जपा."

म्हणजे ठरल्यातच जमा आहे. साहेब यायचे ते नावाला.

येताना धाकटी सबंध रस्ता पिशवी छातीशी धरून चालत होती. मी म्हटलं, वितळेल. तर पळायलाच लागली. रस्त्यात, माणसांसमोर, एवढी मोठी बाई पळते!

५ मार्च

रात्री नीट झोपली नसावी. सकाळी भांडी घासत होते तेव्हा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, माझं नाव लागलं तर मी जाऊ ना?"

मी म्हटलं, "जा की. मी काय दावणीला बांधून ठेवलंय तुला?"

तर तिने मागून मिठीच मारली. "तुझ्यामुळे झालं हे सगळं. तू नेलं नसतंस तर मी त्या खिडकीतच मेले असते." रडत होती, हसत होती. माझे हात साबणाचे होते, त्यामुळे मला तिला धरता आलं नाही. मग ती आत गेली आणि गुणगुणायला लागली. मी सगळी भांडी परत एकदा घासली.

तिला एकटीला जमणार आहे का तिकडे? गॅस बंद करायची आठवण कोण करणार? आजारी पडली तर? कुणीतरी विचार करायला नको का तिच्या भल्याचा?

९ मार्च

फ्रीजर साफ केला. बर्फ फार साठला होता, दार नीट लागत नव्हतं. सगळं काढून ओट्यावर ठेवलं. मटार, माझी कोंबडी, बर्फाचे ट्रे, खंड्या. धाकटी काचेचे डोळे आणायला गेली होती, या कामाचे डोळे एकाच दुकानात मिळतात आणि ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. दुपारचं ओट्यावर ऊन येतं. कोंबडी मोठी, ती सावलीत सरकवली. मग मला डुलकी लागली. घरकाम करून माणूस थकतं. ती यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवलं. तिला सांगायचं राहून गेलं.

डोळे छान मिळाले तिला. गडद तपकिरी. तळहातावर घेऊन मला दाखवले.

११ मार्च

फ्रीजर परत साफ केला. कोपऱ्यात थोडा बर्फ राहिला होता.

१५ मार्च, रविवार

काय झालं ते सरळ लिहिते.

साहेब आले, जाडसर, घाम पुसत एका खुर्चीवर बसले. काल संध्याकाळी सगळ्यांनी आपापला पक्षी वितळायला ठेवला होता. डॉक्टरांचा कावळा चांगला उतरला. केकवालीने पोपटाच्या डोक्यामागे वेगळा चिरा दिला, पोपटाचं डोकं मानेतून निघत नाही म्हणून, तेही बाईंना पसंत पडलं. माझी कोंबडी कोंबडीसारखी झाली.

धाकटीने खंड्या ट्रेमध्ये घेतला. चिरा दिला. आणि थांबली. वास सगळ्यांपर्यंत गेला. पोट हिरवं होतं, शेवाळासारखं. तरी ती कातडी सोडवत राहिली. इतक्या हलक्या हाताने मी कुणाला काही करताना पाहिलेलं नाही. पण जिथे बोट लागेल तिथली पिसं सुटून येत होती. निळी पिसं तिच्या बोटांना, मनगटाला चिकटली. गळा सगळा उघडा पडला. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "या का त्या, ज्यांच्याबद्दल तुम्ही सांगत होता?"

बाईंनी खंड्या चिमट्याने उलटा करून पाहिला. "हा वितळून परत गोठवलाय," म्हणाल्या. "एकदा नाही, जास्त वेळा. कुणी केलं हे?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी कोंबडीच्या पायाची तार सरळ करत होते. मग ती म्हणाली, "माझ्याकडून राहिला बाहेर. माझीच चूक."

बाई भयंकर बोलल्या. असा पक्षी! इतका हात आणि इतका निष्काळजीपणा! एवढंसं सांभाळता येत नाही तर साहेबांचा वेळ कशाला घेतला! ती ऐकत उभी होती, एकेक पीस बोटावरून काढून ट्रेमध्ये ठेवत. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, तिचं पहिल्यापासूनच असं आहे, वेंधळी."

रस्त्यात निम्मी वाट ती माझ्या पुढे पुढे चालली. मग म्हणाली, "पिशवीत पाणी होऊन परत गोठलेले बर्फाचे खडे होते ताई. काल काढला तेव्हाच दिसले. वाटलं, कदाचित तरी जमेल."

मी म्हटलं, "मग बाईंना सांगायचंस. खोटं कशाला बोललीस?"

"तुला सगळ्यांसमोर काय म्हणाल्या असत्या त्या? तुला दुसरं आहे कोण?"

दया! माझ्यावर! जिला मी घास भरवला, जिच्या वेण्या घातल्या, ती माझी कीव करते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मी फक्त फ्रीजर साफ केला."

"हो," म्हणाली. आणि जरा चालून, "मी जाणार आहे ताई. दुसरा पक्षी मिळवेन, बाईंच्या पाया पडेन. आधीच सांगते, म्हणजे फसवलं असं नको व्हायला."

घरी येऊन तिने हात धुतले. बराच वेळ धूत होती.

१८ मार्च

बाई आल्या होत्या. घरी. जिना चढून धापा टाकत, हातात पिशवी. आत दुसरा खंड्या. कुठून कुठून फोन करून मिळवलेला. म्हणाल्या, "मी जरा जास्तच बोलले त्या दिवशी. साहेब शनिवारपर्यंत थांबायला तयार आहेत, केकवालीचं नाव ठरलंय, पण तिला अजून कळवलेलं नाही. तुमच्या धाकटीचा हात मी कुणात पाहिला नाही हो. कुठे आहे ती?"

ती शेंगा आणायला गेली होती. कोणत्याही क्षणी आली असती. मला विचार करायला वेळच मिळाला नाही, नाहीतर मी काही वेगळं बोलले असते.

मी दार अर्धंच उघडून धरलं आणि हळू आवाजात म्हटलं, "बाई, तुम्हाला म्हणून सांगते. तिला परत तसं व्हायला लागलंय. नवरा गेला तेव्हा झालं होतं तसं. खंड्या तिनेच बाहेर ठेवला, मुद्दाम. रात्री उठून त्याच्याशी बोलत बसायची. परवा सुरी घेऊन माझ्या उशाशी उभी होती. कृपा करून तिच्या हातात पातं देऊ नका. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "मला कल्पनाच नव्हती. वाटत नव्हतं हो तिच्याकडे बघून."

"वाटत नाहीच," मी म्हटलं. "म्हणून तर मी एक मिनिट तिला नजरेआड करत नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तुमचं मोठेपण आहे." आणि पिशवी घेऊन निघाल्या.

जिन्यात धाकटी समोर आली. मी वरून बघत होते. हिने "बाई!" म्हणून केवढ्याने हाक मारली, चेहरा उजळला होता, पिशवी बघून तिला कळलंच असणार. बाई भिंतीला टेकल्या. हिला वाट करून दिली, खूपच मोठी. म्हणाल्या, "आराम कर हं बाळा. ताईचं ऐकत जा." लहान पोरांशी बोलतात ना, तसं. दोन रविवारांपूर्वी तिला अहो-जाहो करत होत्या. धाकटी त्यांच्या मागे खाली धावली, "बाई, ऐका ना, बाई, मी नाही..." तर त्या अधिकच भराभर उतरल्या. रस्त्यावर जाऊन रिक्षात बसल्या. हिने रिक्षाचा दांडा धरला होता, तो ड्रायव्हरने सोडवला. येणारे-जाणारे उभे राहून बघत होते. अशा वेळी आरडाओरडा केला की लोकांना काय वाटणार? तिलाही ते कळलं असावं, कारण एकदम गप्प झाली.

वर आली. शेंगांची पिशवी जिन्यातच सांडली होती, ती मी भरून आणली.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

मी म्हटलं, "तुझ्या भल्याचंच सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडेल असं वाटलं, मी दाराकडे सरकले. पण तिने खण उघडला, आपली सुरी, चिमटा, उरलेली पाती, दोन तपकिरी डोळे, सगळं काढून टेबलावर ठेवलं. मग खिडकीतला लावा आणून त्याच्या शेजारी ठेवला. आणि खुर्चीत बसली.

मी सगळं उचलून ठेवलं. सुरी मात्र छान आहे, शेंगांच्या शिरा काय सुरेख निघतात तिने.

२३ मार्च

केकवालीला काम मिळालं. तिने पेढ्याऐवजी केक पाठवला. धाकटीने खाल्ला नाही, मग मीच संपवला.

बोलत नाही. हं सुद्धा म्हणत नाही आता. पण दोन्ही पोळ्या खाते, वाढलं तेवढं खाते. पिवळा ड्रेस मी धुऊन माळ्यावर टाकला. घर कसं शांत आहे. दार लावताना मनाला बरं वाटतं, सगळी माणसं घरात आहेत.

आज तिचे केस विंचरायला बसले, फार गुंता झाला होता. मान वर कर म्हटलं, वर केली. खाली कर म्हटलं, खाली केली. दुखतंय का विचारलं, तर काही नाही. इतक्या वर्षांत वसतिगृहातल्या एकाही मुलीने माझं असं ऐकलं नव्हतं.